तीनशे चुलींचा धनी

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा गाढवांना बोलता येत असे, आणि माणसं ते ऐकूनही घेत असत.

नदीकाठी एक नगर होतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, आणि नदी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध. नगराला तट होता, तटाला चार वेशी होत्या, आणि दिवस मावळला की चारही वेशी बंद होत.

त्या नगरातली घरं ज्यांनी बांधली, ती माणसं मात्र वेशीबाहेर राहत. विटा थापणारे, चुना मळणारे, कौलं शाकारणारे, सगळे दिवसभर आत घाम गाळत आणि संध्याकाळी बाहेर, नदीच्या वाळूवर, कुडाच्या खोपटांत जाऊन निजत. का? तर आत जागा नाही, असं त्यांना सांगितलं जाई.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, हे वाक्य नीट ऐकून ठेवा. "जागा नाही." जगात जेवढी खोटी वाक्यं आहेत, त्यांत सर्वांत सभ्य चेहऱ्याचं हेच.

जागा होती. नगराच्या उत्तर पेठेत तीनशे जागा मोकळ्या पडल्या होत्या, गवताने माजलेल्या, बाभळीच्या काट्यांनी वेढलेल्या. आणि त्या सगळ्या एकाच माणसाच्या होत्या. त्याला लोक नगरशेठ म्हणत.

शेठने त्या एकेक करून गोळा केल्या होत्या. कोणी म्हातारा वारला, कोणाची मुलं परगावी गेली, कोणावर वाईट दिवस आले, की शेठ दारात हजर. घेतलेल्या जागेवर तो स्वतः घर बांधत नसे आणि दुसऱ्याला बांधू देत नसे. कोणी विचारलं, तर पोटावरून हात फिरवत म्हणे, "रिकामी जागा म्हणजे मुरत घातलेलं लोणचं. बरणी उघडायची घाई करू नये. जितकं मुरेल तितकी चव."

तुम्ही म्हणाल, राजा काय करत होता? राजाच्या पणजोबांनी कायदा केला होता आणि तो चांगला होता. उत्तर वेशीजवळच्या शिळेवर तो कोरलेला होता. ज्या जागेत चूल, ती जागा चुलीच्या धन्याची. वर्षभर चूल नाही, तर जागा राजाची. आणि त्याखाली, बारीक अक्षरांत, जे सहसा कोणी वाचत नसे: चुलीमागे तीन हात बांध.

म्हणजे प्रत्येक चुलीच्या वाट्याला बांधाची तीन हात लांबी. नदी चढली, नगारा वाजला, की प्रत्येक चुलीमागे निदान एका माणसाने मातीची पाटी घेऊन आपल्या तीन हातांवर उभं राहायचं. पण गेली बारा वर्षं नदी शहाण्यासारखी वागली होती, आणि ती बारीक अक्षरं शेवाळाखाली गेली होती.

चुली मोजण्याची रीतही ठरलेली होती. कडाक्याच्या थंडीत, वारा पडलेला असताना, एका सकाळी राजाचा मोजणीदार बुरुजावर चढे आणि नगरातले धूर मोजे. जितके धूर तितक्या चुली. त्या दिवसाला धूरमोजणी म्हणत.

त्या एका सकाळी शेठचे नोकर तीनशे जागांवर तीन तीन दगड मांडत आणि मध्ये ओला पेंढा पेटवत. ओल्या पेंढ्याचा धूर पाहिलाय कधी? दाट, पांढरा, पोसलेला. खऱ्या चुलीचा धूर त्याच्यापुढे अगदीच अशक्त वाटे. बुरुजावरून मोजणीदार म्हणे, "वा! उत्तर पेठ काय भरभराटीला आली आहे!" दुपारी राख थंड होई, आणि जागा आणखी वर्षभर शेठच्या राहत.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कोणी नसे. पेंढा वाहणारं एक गाढव होतं, ते तेवढं दरवर्षी म्हणे, "एवढा पेंढा मला खायला घातला असता, तर निदान एक तरी पोट भरलं असतं." लोक हसत आणि आपापल्या कामाला जात.

याच पेठेत, शेठच्या जागांच्या ऐन मध्ये, एक चिंचोळी पट्टी होती. नऊ हात रुंद, साठ हात लांब. ती एका गवंड्याची होती. वेशीची कमान त्याने उभारली, म्हणून जुन्या राजाने त्याला दिलेली. गवंडी वारला, त्याला वर्ष होत आलं होतं. त्याच्या खोपीतली चूल विझली होती. येत्या धूरमोजणीला तिथून धूर निघाला नाही, तर पट्टी राजाकडे जाणार, आणि राजाकडून शेठकडे.

दसऱ्याच्या सुमाराला गवंड्याची लेक परत आली. दहा वर्षं ती दूरदेशीच्या नगरांत शिकत होती. चिंचोळ्या जागेत माणसं मावतील अशी घरं कशी रचायची, हे ती शिकून आली होती. पाठीवर एक गाठोडं, त्यात ओळंबा, थापी आणि मोजणीची दोरी.

दुसऱ्याच दिवशी शेठ आला, सोबत दहा माणसं घेऊन.

"पोरी, नऊ हातांत काय बांधणार तू? गोठा?" शेठ म्हणाला. "त्यात म्हैस शिरली तर तिला वळता यायचं नाही. मागच्या मागे बाहेर यावं लागेल."

दहाही माणसं हसली.

"ही पट्टी मला दे. पूर्व पेठेत तुला माडीचं घर देतो. राणीसारखी राहा."

"आणि इथे काय करणार, शेठजी?"

"मुरवणार."

"लोणचं ताटात आलं तर लोणचं. बरणीतच राहिलं तर बुरशी."

शेठचं हसू आखडलं. "दूरदेशी हेच शिकवतात का? मोठ्यांना उलटून बोलायला?"

"तुमची हवेली ज्यांनी बांधली, ते वाळूवर झोपतात, शेठजी. त्यांतले किती जण नऊ हातांत मावतात, ते तुम्ही बघालच. पट्टी विकायची नाही. नवातला एक हातही नाही."

त्याच दिवशी ती वेशीबाहेर गेली. तिथल्या बायामाणसांना तिने वाळूवर काडीने रेघा ओढून दाखवल्या. साठ हातांत सहा घरं, एकाला एक चिकटून. प्रत्येक दोन घरांत मिळून एकच भिंत. ज्याला घर हवं त्याने विटा आणाव्यात, अंगमेहनत करावी आणि आपल्या चुलीचं धनी व्हावं.

त्या नगरात तोवर असं कोणी केलं नव्हतं. दोन घरांमध्ये बोळ सोडायची रीत होती. कचरा आणि भांडणं, दोन्ही त्या बोळात टाकत.

कौलं शाकारणारी एक मावशी होती. ती म्हणाली, "भिंत एक अन् घरं दोन? मी इकडून खुंटी ठोकली की तिकडचा दिवा पडायचा."

"ठोकायच्या आधी हाक मारायची, मावशी."

"आन् सुनेशी भांडण झालं तर? पलीकडे सगळं ऐकू जाईल."

"हळू आवाजात भांडायचं."

"मग भांडणात राम काय राहिला?" मावशी हसली. पण दुसऱ्या दिवशी पहिली वीट तिनेच आणली. वाळूवर एकोणीस कुटुंबं राहत होती. शेठला भिऊन चौदा मागे राहिली. पाच आली. सहावं घर तिचं स्वतःचं.

पायासाठी कमरेइतकं खणलं, भिंती चढू लागल्या. आणि मग अवकाळी पावसाची एक सर येऊन गेली. दोन दिवसांनी पहिली भिंत वरपासून खालपर्यंत फाटली. भेगेत बोट जाईल एवढी.

शेठची माणसं मुद्दाम बघायला आली. "दहा वर्षं शिकली म्हणे! काय, भेगा पाडायला?"

गवंड्याची लेक डोकं धरून बसली होती. तेव्हा तिथे एक म्हातारा आला. नगरातल्या विहिरी खणण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याने भेगेत बोट घातलं, बाहेर काढलं, नखातली माती पाहिली.

"किती खणलंस?"

"कमरेइतकं, बाबा. तिकडे तेवढंच खणतात."

"तिकडे ही काळी माती आहे का?"

"नाही."

"मग तिकडचं माप इकडे कशाला लावलंस? ही भिजली की फुगते, सुकली की फाटते. हिच्यावर टेकून उभं राहू नये. खाली मुरूम लागतो, तिथवर जा. डोक्याइतका खोल आहे. मला विचार ना! या पेठेत अकरा विहिरी खणल्यात मी. शेठने सगळ्या बुजवून टाकल्या."

ती उठली. "चुकले, बाबा," एवढंच म्हणाली आणि आपली भिंत आपल्याच हाताने उतरवायला लागली. पंधरा दिवसांचं काम मातीत गेलं होतं. कोणी कुरकुर केली नाही. सगळे मुरुमापर्यंत खाली गेले आणि तिथून पुन्हा वर आले.

धूरमोजणीची सकाळ उजाडली, तेव्हा भिंतींचा गिलावा ओला होता आणि दोन घरांवर कौलंसुद्धा नव्हती. पण सहा घरांत सहा चुली पेटल्या होत्या आणि सहाही चुलींवर भाकऱ्या भाजत होत्या.

बुरुजावरून मोजणीदार ओरडला, "एका जागेवर सहा धूर? एक जागा, एक चूल, अशी रीत आहे!"

ती खालून ओरडली, "शिळेवर वाचा! 'ज्या जागेत चूल' असं आहे. 'एकच चूल' असं कुठे आहे?"

मोजणीदार खाली आला. शेवाळ खरवडून त्याला सगळं वाचावं लागलं. सोबत आलेला नगराचा कोतवाल म्हणाला, "सहा चुली मांडल्यास, तर सहा चुलींचा बांध गळ्यात पडेल. अठरा हात. कळतंय का तुला?"

"द्या. अठराच्या अठरा द्या."

लोक हसले. आपणहून राबणूक मागणारं माणूस कोणी पाहिलं नव्हतं. शेठ सर्वांत मोठ्याने हसला. त्याला त्याच दिवशी राजाने जरीची पगडी दिली होती आणि भर दरबारात त्याला म्हटलं होतं, 'तीनशे चुलींचा धनी'. शेठने आठ दिवसांत ते शब्द आपल्या हवेलीच्या सागवानी दारावर कोरून घेतले.

पण ती सहा घरं त्याच्या डोळ्यांत सलत होती. आज सहा आहेत, उद्या साठ म्हणतील. त्याने राजाकडे फिर्याद नेली: घराला घर चिकटवणं रीतीविरुद्ध आहे. बोळ नसेल तर रोगराई पसरेल, आग पसरेल. राजाने नगर आजवर बुरुजावरून, धुरातूनच पाहिलं होतं. त्याने शिक्का मारला, तोवर पावसाळा लागला होता. पावसाळ्यात कोणाचं छप्पर उतरवू नये असा नियम होता, म्हणून हुकूम निघाला तो असा: हस्त नक्षत्र सरून चित्रा लागेल, त्या सकाळी सहाही घरं पाडावीत.

हुकूम वाचून दाखवला, त्या दिवशी मावशीने दारासमोर तुळस लावली.

शेजारीण म्हणाली, "अगं, पाडणार आहेत ना घर?"

"पाडतील तेव्हा पाडतील. आज सारवायचं आहे."

गवंड्याची लेक म्हणाली, "पाडली तर पुन्हा बांधू. पाडल्याने विटा मरत नाहीत."

पावसाळा सरत आला. हस्ताचा पाऊस डोंगरावर चार दिवस सलग कोसळत राहिला. आणि चित्रा लागलं.

सकाळीच कोतवाल आला. सोबत वीस माणसं, त्यांच्या खांद्यांवर पहारी आणि फावडी. मागे जरीची पगडी घालून शेठ. सहा घरांची सगळी माणसं आपापल्या दारात, भिंतीला पाठ लावून उभी होती.

"बाजूला हो, पोरी," कोतवाल म्हणाला. "हुकूम आहे."

"हुकूम भिंती पाडायचा आहे ना? भिंतींच्या आधी आम्ही आहोत. आधी आम्हाला पाडा."

"ऐकत नाहीत, म्हणजे काय?" शेठ मागून ओरडला. "चालवा पहारी!"

वीस जणांपैकी एकाचीही पहार उचलली गेली नाही. कोतवाल तोंड उघडणार, तोच नगारा वाजला.

बारा वर्षांत तो कोणी ऐकला नव्हता. क्षणभर कोणाला कळेना, हा आवाज कसला. मग बांधाकडून माणसं ओरडत आली: नदी चढली! बांधाच्या गळ्याशी आली!

गवंड्याची लेक दारातली पाटी उचलून निघाली. कोतवालाजवळ थांबून म्हणाली, "पहारी-फावडी घेऊन आलाच आहात, तर आधी बांधावर चला. माझी भिंत इथेच असेल. परत आल्यावर मीही इथेच असेन."

कोतवाल गेला. वीसही माणसं गेली.

बांधावर साऱ्या पेठांची माणसं आपापल्या तीन हातांवर उभी राहत होती. सहा घरांच्या अठरा हातांवर तर सव्वीस माणसं होती, सासू आणि सून एकाच पाटीला हात लावून. आणि त्यांच्या पलीकडे नऊशे हात बांध मोकळा होता. तिथे शेठ उभा होता, दोन नोकर आणि एक छत्री घेऊन.

राजा घोडा दौडवत आला. "शेठ, तुमच्या तीनशे चुलींची माणसं कुठे आहेत?"

"येतायत, महाराज... निरोप गेलाय..."

राजाने आजूबाजूला पाहिलं. "कोणी सांगेल का मला?"

माणसं आपापल्या पाट्या भरू लागली. तेवढ्यात मातीची पोती वाहणारं ते गाढव थांबलं.

"मी सांगतो, महाराज. मला जागाही नाही आणि ती जायची भीतीही नाही. बारा वर्षं या तीनशे चुलींना पेंढा मीच वाहिला. एकीवरही कधी भाकरी पाहिली नाही. माणसं कुठे आहेत म्हणता? नव्हतीच. होता तो पेंढा, आणि तो जळून गेला."

शेठ ओरडला, "महाराज! गाढवाच्या बोलण्यावर विश्वास ठेवणार?"

"धुराच्या बोलण्यावर बारा वर्षं ठेवला," राजा म्हणाला.

मोकळ्या बांधातून पाणी पाझरू लागलं होतं. बाहेरच्या उतारावरून वाळूवरची माणसं गाठोडी घेऊन चढून येत होती. त्यांची खोपटं तासाभरापूर्वी वाहून गेली होती. राजा त्यांना म्हणाला, "तुम्ही तरी हात लावा!"

विटा थापणारी एक बाई पुढे आली, कडेवर पोर, डोक्यावर परात. "महाराज, आत जागा नाही, असं आम्हाला जन्मभर सांगितलं. आज तुम्हालाही कळलं, होती. मग ती कोणाची म्हणून आम्ही वाचवायची?"

उत्तर चिखलात उभ्या गवंड्याच्या लेकीने दिलं. "उत्तर शिळेवर आहे, महाराज. चुलीमागे तीन हात बांध. बांधावर माणूस नाही, तर ती चूलच नव्हे. आणि चूल नाही, तर जागा कोणाची?"

"राजाची," राजा हळू आवाजात म्हणाला.

"मग आत्ता बोला. मोठ्याने बोला. पाणी दरबार भरायची वाट बघणार नाही."

राजा घोड्यावरून उतरला. त्याचे जोडे चिखलात रुतले. "जो ज्या तीन हातांवर उभा राहील, त्याला तेवढ्या चुलीची जागा! सगळ्यांदेखत बोललो!"

परात खाली उतरली. तीत माती भरली गेली. चौदा कुटुंबं आली, मग वरच्या अंगाच्या वाळूवरची तीस आली, मग दुसऱ्या वेशींबाहेरची आली. तरीही एका ठिकाणी बांध फुटलाच. पाणी उत्तर पेठेत घुसलं. माती टाकावी तशी वाहून जात होती.

"काहीतरी रुंद हवं!" विहिरी खणणारा म्हातारा ओरडला. "फळ्या! दार!"

समोरच शेठची हवेली होती. कोतवालाने आपल्या वीस माणसांकडे पाहिलं. पहारी शेवटी कामाला आल्या. सागवानी दार बिजागऱ्यांतून उखडून आणलं, भगदाडात आडवं घातलं, त्यावर पोती, विटा, माती, जे हाती येईल ते. पाणी थांबलं. चिखलातून वर तेवढी कोरलेली अक्षरं दिसत होती: तीनशे चुलींचा धनी.

मावशी कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "चला, आला एकदाचा बांधावर."

दुपारनंतर पूर उतरला. उत्तर पेठेत कमरेइतकं पाणी फिरून गेलं होतं. तीनशे जागांवरचे दगड आणि राख कुठे गेली, ते कोणाला सापडलं नाही. सहा घरं जागच्या जागी होती, खांद्याला खांदा लावून. मावशीची तुळस तेवढी वाहून गेली, तिने दुसरी लावली.

कोतवालाने पाडापाडीचा हुकूम राजाला परत दिला. राजाने तो फाडला आणि गवंड्याच्या लेकीला म्हणाला, "सगळी उत्तर पेठ तुला देतो."

"मला एक चूल आहे, महाराज. मी एकटी किती जेवणार? पेठ ज्यांनी राखली त्यांना द्या. मला मोजणीला माणसं द्या."

तिने आपली दोरी काढली. नऊ नऊ हातांच्या पट्ट्या पडल्या, प्रत्येक पाया मुरुमापर्यंत गेला, दोन दोन घरांत एक एक भिंत उभी राहिली. म्हाताऱ्याने अकराही विहिरी पुन्हा मोकळ्या केल्या. शेठला ज्या चुलीवर तो जेवत होता तेवढी एक जागा उरली, आणि तीन हात बांध. नगारा वाजला की तोही पाटी घेऊन येतो. गाढव जाता जाता विचारतं, "काय शेठजी, पेंढ्यापेक्षा जड आहे का?"

आणि त्या नगरात धूर आता बुरुजावरून मोजत नाहीत. मोजणीदार दारोदार जातो, आणि प्रत्येक चुलीवरची चतकोर भाकरी खाल्ल्याशिवाय पुढच्या दाराला जात नाही. तो फार लठ्ठ झाला आहे, असं गाढव सांगतं.

तेव्हा हे मनात कोरून ठेवा: जागा कोंडून ठेवणाऱ्याची नसते, जो तिच्यात नांदतो आणि तिच्यासाठी चिखलात उभा राहतो, त्याचीच ती असते.